लेकीचे हात, घराचे नियम आणि लग्नाची बोलणी

वाचकाचे पत्र, थोडक्यात

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणाहून एका आईने लिहिले आहे. नाव-गाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती असल्याने ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. त्यांची मुलगी 26 वर्षांची, एम.कॉम. झालेली. बारावीच्या वर्षी वह्या-पुस्तके पुन्हा पुन्हा पुसण्यापासून सुरुवात झाली. 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीने सारे घरच दुधाच्या पिशव्या धूत होते, त्यामुळे तिचे धुणे कोणाला वेगळे वाटले नाही. पुढे सगळ्यांचे थांबले, तिचे मात्र वाढत गेले. पतसंस्थेतील नोकरी तिने सोडली, कारण तेथे नोटांना हात लावावा लागे. आता आंघोळीला दोन तास लागतात, सकाळीच टाकी रिकामी होते आणि हातांना भेगा पडून रक्त येते. वडिलांनी बाजारातून आल्यावर मागच्या दाराने आत येऊन आधी कपडे बदलायचे, सिलिंडर देणारा माणूस येऊन गेला की ओसरीपर्यंतची फरशी फिनेलने पुसायची, आणि ‘आई, नक्की हात धुतलेस ना?’ असे ती जितक्यांदा विचारील तितक्यांदा ‘हो’ म्हणायचे, असे नियम घरात पडले आहेत. नियम मोडला की रडारड होते. एकदा वडिलांनी संतापून तिच्या हातात जबरदस्तीने नोटा कोंबल्या, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. वर्षभरापूर्वी मनोविकारतज्ज्ञांनी ‘ओसीडी’ (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे मंत्रचळ) असे निदान करून गोळ्या दिल्या. पण मळमळ होते, फरक दिसत नाही आणि ‘या गोळ्यांची सवय लागते’ असे कोणी म्हणाले म्हणून तीन आठवड्यांत त्या बंद केल्या. आता एक चांगले स्थळ आले असून मुलाकडच्यांना दिवाळीपूर्वी उत्तर हवे आहे. लग्न झाले, संसार अंगावर पडला की हे आपोआप सुटेल, असे नणंदेचे म्हणणे आहे. लग्न करून द्यावे का, मुलाकडच्यांना सांगावे का, आणि तोवर घरात शांतता राहावी म्हणून तिचे नियम पाळत राहावे का, असे तीन प्रश्न या आईने विचारले आहेत.

सल्ला

ताई,

तुमच्या सविस्तर पत्रात तुमचे, यजमानांचे, नणंदेचे आणि मुलाकडच्या मंडळींचे म्हणणे आले आहे. लेकीचे म्हणणे मात्र एका ओळीत आहे. एका रात्री तुमच्याजवळ रडताना ती म्हणाली, ‘आई, मला कळतंय गं सगळं, पण थांबता येत नाही.’ तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यायची तर मला या ओळीपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तिच्या आजाराचे इतके नेमके वर्णन तुमच्या घरात दुसऱ्या कोणीही केलेले नाही.

नणंदबाई कौतुकाने म्हणतात की आजकालच्या मुलींत एवढे सोवळे कुठे पाहायला मिळते. यजमान म्हणतात की ती लाडावली आहे, हट्टी आहे. ही दोन मते एकमेकांविरुद्ध वाटली तरी दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे तिला धुवावेसे वाटते म्हणून ती धुते. तसे नाही. ज्याला आपल्याकडे पूर्वीपासून मंत्रचळ म्हणतात आणि आता सर्रास ओसीडी म्हणतात, त्या आजारात मनात एक नकोसा विचार घुसतो. हाताला काहीतरी लागले आहे, ते आईच्या ताटापर्यंत जाईल, माझ्यामुळे कोणीतरी आजारी पडेल, असा तो असतो. तो खोटा असावा हे बहुतेक वेळा तिलाही कळते, तरीही पोटात गोळा येतो आणि धुतल्याशिवाय तो जात नाही. असे विचार मनात येणे ही काही वेगळी गोष्ट नाही. 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या सामान्य माणसांना विचारून पाहिले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांच्या मनात अशाच धाटणीचे नकोसे विचार येत असल्याचे आढळले. तुमच्या-माझ्या मनात तो विचार येतो आणि निघून जातो. ओसीडी असलेल्या माणसाला तो धोक्याची सूचना वाटतो, आणि त्या सूचनेवर काहीतरी करणे ही आपली जबाबदारी आहे असे त्याचे मन त्याला बजावत राहते.

सोवळ्याशी याची गल्लत करू नका. सोवळे पाळणाऱ्या बाईला ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठाऊक असते. पूजा आटोपली, नैवेद्य दाखवला की ती सोवळे सोडते, आणि केल्याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर असते. तुमच्या मुलीच्या धुण्याला शेवट नाही आणि समाधानही नाही. बोटांच्या बेचक्यांतून रक्त येत असताना, साबण झोंबत असताना ती धुते आहे. ज्या घरांत शुद्धाशुद्धतेचे संस्कार दाट असतात, तेथे हा आजार बराच काळ कोणाच्या लक्षात येत नाही, उलट त्याची वाहवा होते. तुमच्या घरी त्यात कोरोनाची भर पडली. बारावीपासून आजवरची वर्षे हातची गेली यात तुमचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. हा आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला डोके वर काढतो, आणि योग्य उपचार मिळेपर्यंत अनेक वर्षे जाणे हे जगभर घडते. शंभर लोकांत साधारण दोघा-तिघांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. म्हणजे तुमच्या गल्लीतही आणखी कोणीतरी हे लपवत असण्याची शक्यता आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण घरातली परिस्थिती त्यावर अवलंबून आहे. शांततेसाठी नियम पाळत राहावे का? तुम्ही ते मायेपोटी पाळता हे उघड आहे. पण या मायेचे पुढे काय होते ते पाहा. ती विचारते, ‘नक्की हात धुतलेस ना?’ तुम्ही ‘हो’ म्हणता आणि तिचा जीव थोडा वेळ खाली पडतो. त्या थोड्या वेळात तिच्या मनाची खात्री पटते की धोका खरा होता आणि आईच्या ‘हो’मुळेच तो टळला. म्हणून पुढच्या वेळी शंका लवकर येते, आणि एका ‘हो’ने भागत नाही. हे सावकाराच्या कर्जासारखे आहे: दरवेळी व्याज दिले की तो दारातून जातो, मुद्दल मात्र वाढतच राहते. तिचे प्रत्येक धुणे हे असे व्याज आहे, आणि आज तुमचे सारे घर ते भरते आहे. मागचे दार, कपडे बदलणे, फिनेल, हे सगळे नियम एका दिवसात आलेले नाहीत. एकेक मान्य होत गेला आणि त्याच्या आधाराने पुढचा उभा राहिला. कुटुंबाने आजाराला दिलेल्या या साथीचा अनेक वर्षे अभ्यास झाला आहे, आणि ती जितकी जास्त तितकी लक्षणे तीव्र, असेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते.

हे वाचून उद्या सकाळपासून सगळे नियम मोडून टाकू नका. यजमानांनी तिच्या हातात नोटा कोंबल्या तेव्हा काय झाले ते तुम्ही लिहिलेच आहे. ज्या उपचाराचे मी पुढे सांगणार आहे त्यातही तिला एके दिवशी नोटा हातात घ्यायच्या आहेत, पण त्या तिने ठरवून, स्वतःच्या हाताने, आधीच्या पायऱ्या चढून झाल्यावर घ्यायच्या आहेत. जबरदस्तीने तिला एवढेच कळले की घरातल्या माणसांचाही भरवसा नाही. यजमानांना हे तुम्ही शांतपणे सांगा, दोष देऊन सांगू नका. तेही हताश झाले आहेत, आणि मुलीवर जीव असलेला बाप हताश झाला की त्याच्या हातून असे घडते.

करायचे ते असे. ती बऱ्या मनःस्थितीत असेल अशी वेळ पाहून तिघांनी बसा आणि तिला सांगा की आम्हाला आता कळले आहे की हा तुझा हट्ट नाही, हा आजार आहे. आणि आपण त्याला मदत करत होतो, आता तुला मदत करायची आहे. मग सगळ्या नियमांतून एकच, त्यातल्या त्यात हलका, तिच्याच संमतीने निवडा. बहुतेक घरांत प्रश्नोत्तरांपासून सुरुवात करणे सोपे जाते. एका शंकेला एकदाच उत्तर मिळेल, हे आधी ठरवून ठेवा. त्यानंतर तिने पुन्हा विचारले तर ‘तुला आत्ता किती भीती वाटते आहे ते मला दिसतंय, पण याचं उत्तर मी पुन्हा देणार नाही, कारण त्याने तुझा त्रास वाढतो. मी इथेच बसले आहे,’ असे म्हणा आणि खरोखरच तिथे बसून राहा. आवाज चढवू नका, समजावण्याचा शास्त्रार्थ करू नका, आणि ‘काही होत नाही गं’ असेही म्हणू नका, कारण तेही उत्तरच झाले. पहिले काही दिवस ती चिडेल, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त विचारील. त्या दिवसांत तुम्ही आणि यजमान यांनी एकच वागायचे आहे. एकाने नकार द्यायचा आणि दुसऱ्याने हळूच ‘हो’ म्हणायचे, असे झाले तर न केलेलेच बरे. तुमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या नणंदबाईंनाही हे सांगून ठेवावे लागेल.

घरच्यांनी एवढे केले तरी ते उपचारांना पूरकच राहते, त्यांची जागा घेत नाही. ओसीडीवर परिणाम सिद्ध झालेले दोन मुख्य उपचार आहेत: एक विशिष्ट प्रकारचा वर्तनोपचार आणि औषधे. त्रास तुमच्या मुलीइतका असेल तर बहुधा दोन्ही एकत्र दिले जातात.

वर्तनोपचाराला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. तज्ज्ञ बोलताना ईआरपी म्हणतात. 1966 मध्ये लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून या पद्धतीचा पाया पडला. त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्य समजला जाई. पद्धतीचे सूत्र सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे: ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरे जायचे, आणि त्यानंतर जे करावेसे अनावरपणे वाटते ते करायचे नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत ते कसे दिसेल ते जरा जवळून पाहू. तज्ज्ञ प्रथम तिच्याकडूनच यादी करून घेतील. कोणत्या गोष्टीला हात लावायला किती भीती वाटते, याला ती शून्य ते शंभर असे गुण देईल. समजा, स्वतःच्या कपाटाच्या मुठीला 25, दुधाच्या न धुतलेल्या पिशवीला 45, वडिलांच्या बाजारच्या पिशवीला 60, नोटांना 80 आणि सिलिंडरला 95. सुरुवात मुठीपासून होईल. ती मूठ धरील, मग तोच हात दुसऱ्या हातावर, बाहीवर फिरवील, आणि धुणार नाही. भीती चढेल, छातीत धडधडेल, आता धुतले नाही तर हे असेच राहील असे वाटेल. पण धुतले नाही तरी ती भीती बऱ्याचदा हळूहळू ओसरू लागते, कधी पंधरा मिनिटांत, कधी तासाभराने. एखाद्या दिवशी ती फारशी ओसरत नाही, आणि तेही वाया जात नाही, कारण भीती असतानाही आपण पोळ्या लाटू शकतो, फोनवर बोलू शकतो, हे तिला त्या दिवशी अनुभवाने कळते. तीच कृती रोज, घरीही, पुन्हा पुन्हा केली की मुठीचे 25 दहावर येतात, आणि मग दुधाच्या पिशवीकडे वळायचे. दुधाच्या पिशवीच्या दिवशी ती कदाचित एकच बोट लावील. तेवढे पुरे आहे. उद्या दोन लावील. या उपचारात ‘काही होणार नाही’ अशी हमी तिला कोणी देत नाही. खात्री नसतानाही जगता येते हेच ती शिकत असते, आणि म्हणून घरी मिळणारी हमी बंद होणे उपचाराला इतके आवश्यक असते. साधारणपणे आठवड्याला एक किंवा दोन अशा बारा ते वीस बैठका लागतात, काहींना अधिक.

यजमान विचारतील की अशा सरावाने मेंदूचा आजार कसा बरा होईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी 1992 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले की औषधाने सुधारलेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्या अशा दोन्ही रुग्णांत मेंदूच्या एकाच भागातील वाढलेले काम कमी झाले होते. सराव हाही शरीरावरच केलेला उपचार आहे, असे त्यांना सांगा.

गोळ्यांबद्दल तुमच्या मनात जे बसले आहे ते मला दुरुस्त करायला हवे. ओसीडीसाठी सहसा फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गटातील औषधे देतात. क्लोमिप्रामिन हे जुने औषधही काही रुग्णांना उपयोगी पडते. झोपेच्या काही गोळ्यांची जशी सवय लागते, दिवसेंदिवस जास्त घ्याव्याशा वाटतात, तसे या गटाचे होत नाही. मात्र त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात; या त्रासालाच पुष्कळ लोक ‘सवय’ समजतात. मळमळ पहिल्या एक-दोन आठवड्यांत होते आणि बहुतेकांची कमी होते. जेवणानंतर गोळी घेणे, मात्रा हळू वाढवणे असे उपाय डॉक्टर सांगू शकतात. ओसीडीत या औषधांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि मात्राही नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा बरेचदा जास्त लागते. तुम्ही तीन आठवड्यांत थांबलात, म्हणजे त्या औषधाची परीक्षा झालेलीच नाही. त्याचा उपयोग नाही, असा निष्कर्ष काढू नका. गुण आल्यावरही साधारण एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडले तर आजार परतण्याचा संभव मोठा असतो. योग्य उपचार नेटाने घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना चांगला आराम पडतो. सगळ्यांचा आजार समूळ जातो असे मी म्हणणार नाही. पुष्कळांच्या मनात ते विचार अधूनमधून येत राहतात, पण त्यांच्या दिवसाचा ताबा घेत नाहीत.

कुठे जायचे? ज्यांनी निदान केले त्या डॉक्टरांकडेच पुन्हा जायला संकोच वाटून घेऊ नका. गोळ्या मध्येच सोडणारे रुग्ण त्यांच्या रोजच्या पाहण्यातले असतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकारतज्ज्ञ भेटतात, आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे घाटीत, मनोविकार विभाग आहे. खरी अडचण ईआरपी शिकलेला मानसशास्त्रज्ञ मिळण्याची आहे. समुपदेशक पुष्कळ आहेत, पण नुसते ऐकून घेणे आणि धीर देणे या आजारात पुरत नाही, उलट कधी कधी तो धीर तुमच्या ‘हो’ची जागा घेतो. म्हणून वेळ घेतानाच विचारा: ‘तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी देता का, आणि घरच्यांना त्यात कसे सामील करता?’ ठाणे, पुणे, मुंबईतील काही तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवरही हे उपचार करतात, आणि घरातल्याच वस्तूंशी सराव करायचा असल्याने या आजारात ते सोयीचेही पडते. आजार फार हट्टी निघाला तर बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. आणि आरोग्य विमा काढलेला असेल तर लक्षात ठेवा की 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे.

पहिल्या भेटीला जाताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची नावे बरोबर न्या, आणि आठवडाभराची साधी नोंद करा: आंघोळीला किती वेळ, हात साधारण कितीदा, कोणत्या गोष्टीनंतर, आणि घरच्यांनी त्यासाठी काय काय केले. नोंद तिनेच करावी, तुम्ही पाळत ठेवून करू नये. हातांच्या भेगा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण फाटलेल्या त्वचेतून संसर्ग होतो, आणि मग तिच्या भीतीला खरे कारण मिळते. याच भेटीत तिच्या मनाच्या उदासीबद्दलही बोला. ओसीडीबरोबर नैराश्य येणे अगदी नेहमीचे आहे, आणि दोन दिवस न जेवणे मला काळजीचे वाटते. ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे तिला थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तसे काही ती बोलली तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

पत्रिकेतील दोषासाठी शांत करावी का, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. त्याने तुमच्या मनाला धीर येत असेल तर करा, पण त्यासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका. आणि तिला मोजून करायचे कडक शुचितेचे व्रत देऊ नका; हा आजार असे व्रत सहज आपल्या ताब्यात घेतो, आणि मग चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून, असे ती करत बसेल.

आता लग्न. ‘संसार अंगावर पडला की सुटेल’ या म्हणण्यामागे अशी समजूत आहे की तिला रिकामपण आहे म्हणून हे सुचते. पण नोकरी होती तेव्हाही आजार होताच, आणि त्याने ती नोकरी घेतली. नवे घर म्हणजे अनोळखी न्हाणीघर, येणारे-जाणारे पाहुणे, तिचे नियम न पाळणारी माणसे. शरीराची जवळीक ही तर अस्वच्छतेची भीती असलेल्या मुलीसाठी फार कठीण गोष्ट, आणि त्याबद्दल तिच्याशी कोणी बोललेलेही नसणार. बाळंतपणाच्या आगेमागे काही स्त्रियांचा ओसीडी वाढतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. उपचारांशिवाय तिला या सगळ्यात ढकलणे मला अन्यायाचे वाटते. तिच्यावर आणि त्या मुलावरही.

याचा अर्थ तिचे लग्नच होणार नाही असा घेऊ नका. तुमच्या पत्रात ती दुसरी भीतीही दडलेली मला दिसली. ओसीडी असलेली कितीतरी माणसे उपचार घेऊन नोकरी करतात, लग्न करतात, मुले वाढवतात. पुढे लग्न आणि मूल यांचा विचार पक्का होईल तेव्हा तो डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे त्यानुसार औषध निवडता येते; गरोदरपणाच्या भीतीने परस्पर गोळ्या बंद करू नका. आज प्रश्न क्रमाचा आहे, आणि तिच्या मर्जीचा. तुम्ही स्थळाची माहिती सविस्तर लिहिली आहे, पण तिला लग्न आत्ता करायचे आहे का, हे तिला विचारल्याचे पत्रात कुठेच नाही.

मुलाकडच्यांना सांगावे का? हो, सांगावे, सुपारी फुटण्याआधी आणि तिच्या संमतीने. आजार लपवून केलेल्या लग्नात काय होते ते मी पुष्कळ कुटुंबांत पाहिले आहे. मुलगी गोळ्यांची पट्टी साड्यांच्या घडीत लपवते, कोणी पाहील म्हणून एक दिवस चुकवते, मग आठवडा, मग बंदच करते. काही महिन्यांत त्रास उफाळून येतो, आणि तोवर सासरी ‘फसवले’ हा शब्द उच्चारला गेलेला असतो. कायद्याच्या बाजूने पाहिले तर ओसीडी आहे एवढ्यामुळे विवाह बेकायदा ठरत नाही. परंतु 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 मध्ये महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करण्यासाठी न्यायालयात जाता येते, आणि त्या वादात तुमच्या मुलीचे जे होईल त्याची कल्पना तुम्हीच करा. यावर वकिलांशी एकदा बोलून घ्या. सांगायचे म्हणजे गावभर सांगायचे नाही. बोलणी पुढे जाण्याच्या बेतात असतील तेव्हा, शक्य झाल्यास तिने स्वतःच त्या मुलाशी बोलावे: मला असा आजार आहे, असे उपचार चालू आहेत, अमुक गोष्टी आता जमतात, अमुक अजून जमत नाहीत. हे ऐकून स्थळ मागे फिरले तर तुम्हाला वाईट वाटेल, आणि ते साहजिक आहे. पण ते लग्नानंतर कळले असते तर तेच घर कसे वागले असते, याचाही विचार करा.

दिवाळीपूर्वी उत्तर द्यायचे बंधन तुमच्यावर नाही. डॉक्टरांची वेळ आधी ठरवा, मग मुलाकडे यजमानांनी फोन करावा. फोनवर आजाराचे नाव घेण्याची गरज नाही. खोटे कारणही देऊ नका. ‘मुलीच्या प्रकृतीचे उपचार सुरू करत आहोत, ते निदान सहा महिने चालतील. तोवर आम्ही बोलणी पुढे नेऊ शकत नाही. तुम्ही थांबावे असा आमचा आग्रह नाही. थांबलात तर मुलगी स्वतः मुलाशी मोकळेपणाने बोलेल,’ इतके पुरे आहे. फोन करण्याआधी हा मजकूर तिला वाचून दाखवा, आणि त्यातला एखादा शब्द तिला बदलून हवा असेल तर तो बदला.